डॉक्टरांनी फोन कुणाला लावला?

मामांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडायला लागला होता आणि आम्ही नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात बसलो होतो. डॉक्टर तरुण, चाळिशीच्या आतले. त्यांनी मामांच्या पावलावर बोटं ठेवली, घोट्याजवळ पेनासारखं एक यंत्र टेकवून त्याचा आवाज ऐकला, सीटी अँजिओग्राफीची चित्रं कॉम्प्युटरवर वरखाली फिरवली आणि आमच्यासमोरच फोन लावला. "सर, गुडघ्याखालच्या तिन्ही बंद आहेत. घोट्यापाशी एक परत भरतेय. वरून वायर गेली नाही तर खालून जाऊ का?" पलीकडून कुणीतरी पाचेक मिनिटं बोललं. हे आपले "हो सर, हो सर."

बाहेर आल्या आल्या मामी माझ्या कानाशी लागली. "याला येत नाही वाटतं रे. सरळ मुंबईला नेऊ."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. ज्याला दुसऱ्याला विचारावं लागतं तो कसला स्पेशालिस्ट? पण नंतर या डॉक्टरांचं शिक्षण कसं होतं, ते एकमेकांना का आणि कसे धरून असतात, हे खोदत गेलो तेव्हा त्या पाच मिनिटांच्या फोनचा अर्थ लागला. हा लेख त्या फोनबद्दल आहे.

आधी भाषेचा घोळ निस्तरू. आपल्या बोलण्यात 'नस' हा एकच शब्द चार माणसांचं काम करतो. कमरेत नस दबली. पोटरीत नस चढली. पायावरच्या नसा फुगल्या. हृदयाची नस ब्लॉक झाली. यातल्या पहिल्या नसेतून रक्त वाहतच नाही, ती मज्जातंतू. तिचा डॉक्टर मणक्याचा किंवा मेंदूचा. दुसरी तर नसच नव्हे, तो स्नायूला आलेला गोळा. तिसरी म्हणजे शीर, वापरून झालेलं रक्त हृदयाकडे परत नेणारी. चौथी धमनी, ताजं रक्त हृदयाकडून पुढे पोचवणारी. हृदय आणि मेंदूच्या आतलं सोडून बाकी अंगभरच्या शिरा आणि धमन्या जो बघतो तो व्हॅस्क्युलरचा डॉक्टर. मराठीत 'रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ' असा शब्द पाटीवर असतो, पण त्या पाटीपर्यंत माणूस सहसा दोन-तीन दवाखाने करून पोचतो.

मामांचं तसंच झालं. बांधापासून विहिरीपर्यंत चालताना पोटरी भरून यायची, दोन मिनिटं नुसतं उभं राहिलं की मोकळी व्हायची. नस दबली असेल, असं सगळ्यांनी ठरवलं आणि तीन महिने कमरेला पट्टा. आता कळतं की लक्षण तिथेच बोलत होतं. मणक्यातून येणारं दुखणं बहुधा बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर हलकं होतं. रक्त कमी पडल्याचं दुखणं ठरावीक अंतर चाललं की येतं आणि नुसतं थांबलं तरी जातं. दोन्ही पायातच, पण रस्ते वेगळे.

निफाडकडच्या माणसाला हे समजावायला ठिबक पुरतं. धमन्या म्हणजे मेन लाइन, तिच्यापुढे सबमेन, तिच्यापुढे लॅटरल. क्षार साचत गेले की आतलं तोंड बारीक होतं आणि पहिली सुकते ती ओळीतली शेवटची वेल. शरीराची शेवटची वेल म्हणजे पायाचं बोट. शिरांचं गणित उलटं आहे. त्यांना रक्त पायापासून वर चढवायचं असतं. पोटरीचे स्नायू ही मोटर, आणि शिरेच्या आत जागोजागी असलेल्या झडपा म्हणजे फूट व्हॉल्व्ह. फूट व्हॉल्व्ह गळका झाला की चढवलेलं पाणी पुन्हा विहिरीत. झडप गळकी झाली की रक्त घोट्याशी उतरून बसतं. मग शिरा फुगतात, कातडी काळवंडते आणि बहुतेक वेळा घोट्याच्या आतल्या बाजूला जखम होते, जी महिनोन्महिने भरत नाही. रक्त न पोचल्याची जखम मात्र बोटांच्या टोकाला किंवा टाचेवर. जखम कुठे आहे एवढ्यावरून जाणता डॉक्टर निम्मं निदान करतो.

हे आजार आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीतून २०२३ साली आलेला अंदाज असा की देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि मधुमेह पायाला दोन बाजूंनी धरतो: धमनी अरुंद करतो आणि संवेदनाही घालवतो. काटा रुतलेला कळत नाही आणि झालेली जखम भरत नाही. दुसरा शत्रू तंबाखू. लिओ बर्गर या डॉक्टरांनी १९०८ मध्ये ज्याचं सविस्तर वर्णन केलं तो बर्गरचा आजार तरण्या विडीकाडीवाल्यांची बोटं खातो, आणि त्यावर विडी कायमची सोडण्याइतकं गुणकारी औषध आजही नाही. आपल्या जिल्ह्यात सिन्नर तर विड्यांच्या धंद्यासाठीच ओळखलं जायचं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता हे डॉक्टर घडतात कसे. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मग जनरल सर्जरीचं एमएस, तीन वर्षं. मग सुपरस्पेशालिटीची नीट परीक्षा आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतलं एमसीएच किंवा डीआरएनबी ही सर्वांत वरची पदवी, आणखी तीन वर्षं. कुठेही न अडखळता गेलं तरी साडेअकरा वर्षं, आणि मधल्या परीक्षा नि बंधपत्राची सेवा धरली की तिशी सहज उलटते. हा सर्जनचा रस्ता. दुसऱ्या रस्त्याने रेडिओलॉजीत एमडी करून इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट येतात. ते चिरफाड करत नाहीत, सुईएवढ्या भोकातून तार घालून काम करतात. हृदयरोगतज्ज्ञही कधी कधी पायाच्या धमन्या उघडतात. जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स अशा देशांत अँजिओलॉजिस्ट नावाचा चौथा प्रकार असतो, जो सर्जन नसतो. रक्तवाहिन्यांचा फिजिशियन म्हणू या. आपल्याकडे ते काम बरंचसं सर्जनच ओपीडीत उरकतो.

एकाच धमनीवर इतके दावेदार म्हटल्यावर कुरबुरी असणारच, आणि त्या आहेत. तरी पेशंटच्या दृष्टीने चांगली गोष्ट अशी, की कापून जोडणं आणि तारेने उघडणं ही दोन्ही कामं आजच्या व्हॅस्क्युलर सर्जनला शिकवली जातात. या दोन्ही कामांचा इतिहास मला फार आवडतो, कारण तो जवळजवळ सगळा हातांचा इतिहास आहे.

१८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना लिआँ शहरात सुरा भोसकला गेला. पोटातली मोठी रक्तवाहिनी कापली गेली होती. ती शिवता येईल असं तेव्हाच्या सर्जनना वाटतच नव्हतं, आणि कार्नो गेले. त्याच शहरातला अलेक्सिस कॅरेल हा तरुण डॉक्टर या गोष्टीने पेटला आणि शिवण शिकायला कुणाकडे गेला, तर भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे. बारीक सुई, रेशमी धागा. त्याने काढलेली युक्ती अशी: कापलेल्या नळीचं तोंड गोल असतं आणि गोलावर टाके घालताना सुई चुकून समोरच्या भिंतीत शिरते. म्हणून आधी तीन जागी तीन टाके घालायचे आणि ते बाहेर ताणायचे. गोलाचा त्रिकोण होतो. आता एकेक सरळ बाजू शिवायची, बस. १९१२ मध्ये या कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

येवल्यात पैठणीच्या मागावर नवशिक्या पोराला बसवतात तेव्हा कुणी आधी पुस्तक देत नाही. जाणत्याच्या शेजारी बसवतात. व्हॅस्क्युलरचं शिक्षण शेवटच्या तीन वर्षांत बरंचसं असंच आहे. धागा ६-०, ७-० अशा नंबरांचा. नंबर वाढेल तसा धागा बारीक, केसाच्या जवळ जाणारा. डोळ्यावर भिंग. गुरू समोर उभा. पहिले कित्येक महिने शिष्य नुसता धागा धरून ठेवतो. ढिला सोडला तर गळतं, ताणला तर नळीचं तोंड आवळलं जातं. किती ताणायचा हे लिहून ठेवता येत नाही.

तारेचं तर आणखी वेगळं. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की सुई टोचा, सुईतून तार सरकवा, सुई काढा आणि तारेवरून नळी आत घाला. आज जगभरच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे तारेने काम करायच्या खोल्यांमध्ये, तेच चालतं. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने हेच पुढे नेलं. ८२ वर्षांच्या एक बाई, पाय सडत चाललेला, सर्जननी पाय कापायला सांगितलेलं आणि बाईंनी ठाम नकार दिलेला. डॉटरने तारेवरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवत अरुंद जागा रुंद केली. पाऊल ऊबदार झालं. पुढे जितकं जगल्या तितकं त्या स्वतःच्या दोन्ही पायांवर चालल्या.

थॉमस फोगार्टीची गोष्ट तर गावाकडच्या जुगाडू माणसाला पटेल. धमनीत अडकलेली गुठळी काढायला तेव्हा लांबलचक चीर द्यावी लागे. मासेमारीचे गळ बांधण्यात हात बसलेल्या या पोराने रबरी हातमोज्याचं बोट कापून बारीक नळीच्या टोकाला बांधलं. नळी गुठळीच्या पलीकडे सरकवायची, फुगा फुगवायचा आणि ओढायचा, गुठळी बाहेर. १९६१ मध्ये ते पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं आणि आजही ऑपरेशन थिएटरमध्ये 'फोगार्टी द्या' असंच म्हणतात.

मुद्द्याचा माणूस मात्र आंद्रेआस ग्रुन्टझिग. झुरिकमधल्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर फुगे बनवून त्याने आधी पायाच्या आणि मग १९७७ मध्ये हृदयाच्या धमनीची अँजिओप्लास्टी केली, म्हणजे अरुंद जागा आतून फुग्याने रुंद केली. त्याचं मोठेपण मला त्याच्या पुढच्या पावलात दिसतं. वर्षभरात त्याने देशोदेशींच्या डॉक्टरांना झुरिकला बोलावलं आणि आपल्या केसेस कॅमेऱ्यावरून त्यांना थेट दाखवायला सुरुवात केली. जमलं तेही सगळ्यांसमोर, फसलं तेही सगळ्यांसमोर. आज ज्याला 'लाइव्ह वर्कशॉप' म्हणतात त्याचं मूळ तिथे आहे. प्रश्न विचारणारे शेकडो डोळे समोर असले की डॉक्टरला स्वतःच्या सवयीही पुन्हा तपासाव्या लागतात.

कॉन्फरन्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हॉटेल, बुफे आणि गळ्यातली कार्डं येतात. ते असतंच. पण आतमध्ये काय चालतं? व्हॅस्क्युलर सोसायटी ऑफ इंडिया ही सर्जनांची संघटना, व्हीनस असोसिएशन ऑफ इंडिया ही शिरांवर काम करणाऱ्यांची, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टांची आयएसव्हीआयआर. या संस्थांच्या अधिवेशनांत एका बाजूला भाषणं, दुसऱ्या बाजूला टेबलांवर सिलिकॉनच्या धमन्या मांडलेल्या. नव्या पोरांनी त्यावर हात साफ करायचा. काही ठिकाणी सिम्युलेटर असतो: पडद्यावर धमनी, हातात खरी तार, चुकलात तर पडद्यावर धमनी फाटते, माणूस घरी सुखरूप. मूत्रपिंड कमजोर असलेल्या पेशंटला चित्रात धमनी दिसावी म्हणून सोडायचा नेहमीचा डाय सोसत नाही, तेव्हा पायाच्या अँजिओग्राफीला कार्बन डायऑक्साइड वायू वापरता येतो. अशा गोष्टी पुस्तकात एका ओळीत उरकलेल्या असतात. वायू भरताना हवेचा बुडबुडा आत जाऊ नये म्हणून नळ्या कशा जोडायच्या, हे करणाऱ्याच्या शेजारी उभं राहूनच कळतं.

डॉक्टरांशी बोलताना एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा कानावर आली: सगळ्यात भरलेला हॉल फसलेल्या केसेसच्या सत्रात असतो. मोठमोठे लोक उभे राहून सांगतात, इथे मी तार धमनीच्या भिंतीच्या चुकीच्या थरात नेली, इथे स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) घालायची घाई केली, हा पाय मी गमावला. ज्या धंद्यात बाहेर चूक कबूल करणं म्हणजे कोर्टाची पायरी, तिथे आतल्या आत हे बोललं जातं ही मला मोठी गोष्ट वाटते. लाइव्ह केसेसवर मात्र जगभर वाद आहे. टेबलावरच्या पेशंटचं भलं आधी की हॉलमधल्या घड्याळाचं? म्हणून पुष्कळ ठिकाणी आता आधी चित्रित केलेली केस थांबवत थांबवत दाखवतात. मला हे जास्त पटतं.

पैशाची गोष्टही बोललीच पाहिजे. स्टेंट, फुगे, लेझर विकणाऱ्या कंपन्यांचे स्टॉल या अधिवेशनांत असतात आणि बराच खर्च त्यांच्याकडून निघतो. डॉक्टरांनी कंपन्यांकडून भेटी आणि प्रवासखर्च घेऊ नये असा नियम तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २००९ च्या अखेरीस केला. औषध कंपन्यांच्या विक्रीवर २०२४ च्या मार्चमध्ये आलेल्या संहितेने अशा शिक्षणसत्रांना परदेशात न्यायला बंदी घातली. नियम आहेत, पळवाटाही असतील. ज्या कंपनीच्या यंत्रावर शिकलो त्याच कंपनीचं यंत्र घ्यावंसं वाटणं हा माणसाचा स्वभाव आहे, आणि शिरांच्या लेझरचा दर विचारताना पेशंटने तो डोक्यात ठेवायला हरकत नाही. रेडिओफ्रिक्वेन्सी, लेझर, गोंद, फेसाचं इंजेक्शन असे फुगलेल्या शिरांचे चार उपाय आहेत. "माझ्यासाठी यातला हाच का?" एवढं विचारलं की चांगला डॉक्टर खूश होऊन समजावतो.

यात नाशिकचा वाटा अनेकांना माहीतच नसतो. दिंडोरी रोडवर म्हसरूळला जे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं, त्याच्याशी राज्यभरातली मेडिकल कॉलेजं संलग्न आहेत. अभिमत विद्यापीठांच्या पदव्या आणि दिल्लीच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं डीआरएनबी सोडलं, तर कोकणातला असो की गडचिरोलीचा, डॉक्टरच्या पदवीवर आता बहुधा नाशिकचा पत्ता. पदवी एकदा मिळाली की संपलं असंही नाही. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची असते आणि त्यासाठी मधल्या काळात शिक्षणसत्रांतून ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. काही जण मागच्या खुर्चीत डुलक्या घेऊनही ते जमवतात, त्याला इलाज नाही. पण परिषदेकडे कुणाच्या कोणत्या पदव्या नोंदलेल्या आहेत हे पेशंटला तपासता येतं, आणि 'व्हेरिकोज स्पेशालिस्ट' असा बोर्ड बघितल्यावर ते तपासावंच.

आता तो फोन. एका सर्जनच्या पाहण्यात पोटातली फुगलेली महाधमनी किंवा मानेच्या धमनीला लागून वाढलेली गाठ किती वेळा येईल? मोठ्या संस्थेत दर आठवड्याला, नाशिकसारख्या ठिकाणी त्याहून कमी. मामांच्या पायासारखं, गुडघ्याखाली तिन्ही धमन्या बंद, हे तसं नेहमीचं. पण 'खालून जाणं' म्हणजे पावलावरची बारीक धमनी टोचून तार उलट वर न्यायची. ती एकच धमनी उरलेली असते. तिलाच इजा झाली तर पाऊल गेलं. जाण्याआधी ज्याने अशा शंभर केल्या त्याला पाच मिनिटं विचारणं म्हणजे त्याच्या शंभर केसेस उसन्या घेणं. साडेअकरा वर्षांच्या शिक्षणात या माणसाने काय कमावलं, तर हात, आणि रात्री अकराला उचलले जातील असे आठ-दहा फोन नंबर.

हे आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही चालतं. अँजिओग्राफीचे तुकडे टाकायचे, 'तुम्ही काय केलं असतं?' असं विचारायचं. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी डॉक्टरने डॉक्टरला दुरून विचारण्याला जागा दिली आहे, निर्णयाची जबाबदारी मात्र समोर बसलेल्या डॉक्टरचीच. पेशंटचं नाव, चेहरा त्या चित्रात नसावा, हे शिस्तीचं लक्षण. सगळे ग्रुप ती पाळतात असं मी म्हणणार नाही.

एवढं सगळं वरच्या टोकाचं झालं. माझं स्वतःचं मत असं बनलंय की आपल्या जिल्ह्यात पाय वाचतो किंवा जातो तो खालच्या टोकाला. समजा सुरगाण्याच्या एका पाड्यावर पहाटे चारला एखाद्या बाईचा पाय एकदम दुखायला लागला. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर तिथली गुठळी सुटून पायाच्या धमनीत अडकू शकते. पाय पांढरा पडतो, गार लागतो, मुंग्या येतात, मग बोटं हलेनाशी होतात. घरचे काय करतात? नस चढली म्हणून तेल लावून चोळतात, गरम पाण्याची पिशवी ठेवतात. बधिर पायाला चटका बसतो तो वेगळाच. सातला उजाडतं, नऊला डॉक्टर भेटतो, तो वेदनाशामक देतो. रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर स्नायूंना साधारण सहा तास मिळतात. सुरगाण्याहून नाशिक घाटातून दोन-अडीच तास. हिशेब तुम्हीच करा.

या साखळीत मुंबईच्या मोठ्या प्राध्यापकापेक्षा नऊ वाजता भेटणारा डॉक्टर मोठा. त्याने दोन्ही पावलांच्या नाड्या तपासल्या, एक लागत नाही म्हणून नाशिकच्या माणसाला थेट फोन केला, त्याच्या सांगण्यावरून रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन देऊन १०८ ची गाडी बोलावली, तर थिएटर तयार असताना ती बाई दारात पोचते आणि फोगार्टीच्या फुग्याने तासाभरात पाय गुलाबी होतो. हीच गोष्ट हायवेवरच्या अपघातात. गुडघा निखळला की त्यामागची धमनी फाटू किंवा ताणली जाऊ शकते. हाडाचा डॉक्टर एक्स-रेच्या आधी पावलाची नाडी बघतो की नंतर, यावर पुढचं ठरतं. डायलिसिसवाल्यांचंही तेच: १९६६ पासून मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात, तिथे बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती थरथर थांबली तर त्याच दिवशी फोन करायचा, आणि त्या हातावर रक्तदाब मोजायचा नाही, हे डायलिसिसच्या टेक्निशियनला आणि घरच्यांना माहीत असलं पाहिजे.

म्हणून चांगले व्हॅस्क्युलर सर्जन तालुक्याच्या डॉक्टरांच्या बैठकांना हौसेने जातात. तिथे शिकवायचं असतं ते फार स्वस्त असतं. वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारा, पेनासारखा हातातला डॉपलर आणि रक्तदाबाचा पट्टा. दंडातल्या रक्तदाबाचा वरचा आकडा घ्यायचा, घोट्यातला घ्यायचा, घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचं. दंडात १४०, घोट्यात ८४ आला तर उत्तर ०.६. याला एबीआय म्हणतात. ०.९ च्या खाली असेल तर पायाच्या धमन्या अरुंद आहेत असं धरतात. यात एक फसवा खड्डा आहे आणि मामा त्यातच पडले. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती पाइपासारखी कडक होते, पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा खोटा वाढतो. एका ठिकाणी मामांचा आकडा १.४ च्या वर आला, छापील रिपोर्टवर 'अडथळा नाही' आणि आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. १.४ च्या वरचा आकडा म्हणजे यंत्राने हात टेकले असा अर्थ. तेव्हा अंगठ्यातला दाब मोजायचा किंवा डॉपलरचा आवाज ऐकायचा. निरोगी धमनीचा आवाज तीन टप्प्यांत येतो, चाबकासारखा तुटक. पुढे अडथळा असला की तो एकसुरी होतो, दूरच्या पंख्यासारखा. हा फरक कान आठवड्याभरात शिकतो, कुणी बाजूला बसून ऐकवला तर.

मामांचा अंगठा काढावा लागला. पाय राहिला. वरून तार गेली नाही, खालून गेली.

तपासणीला आम्ही अजून जातो. मामा आता पाहुण्यांच्या पावलावर, अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या रेषेत वर बोटं ठेवून नाडी शोधून देतात. काही धडधाकट माणसांतही ती तिथे लागत नाही, मग घोट्याच्या आतल्या हाडामागे बघायची, हेही डॉक्टरांच्या थाटात सांगतात. मागच्या खेपेला डाव्या पायाचा डॉपलर झाला. डॉक्टर म्हणाले, "थोडं अरुंद वाटतंय, पण सध्या गोळ्या आणि चालणं."

मामीने पिशवी आवरता आवरता विचारलं, "तुमच्या सरांना दाखवलंत का हो हे?"